लहान अक्षरांतले आकडे

कॅमेऱ्याच्या खोक्यावर जो आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो, तो बहुधा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. जो खरोखर पाहायला हवा तो खोक्याच्या बुडाशी, वजन आणि बॅटरीचा प्रकार यांच्या मध्ये कुठेतरी अंग चोरून उभा असतो, आणि पुष्कळदा अपूर्णांकात लिहिलेला असल्यामुळे गिऱ्हाईक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. फ्रिज लिटरवर घ्यावा, टीव्ही इंचांवर घ्यावा, मोठा आकडा म्हणजे जास्त माल, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला असतो. कॅमेऱ्याच्या दुकानात मात्र तो अर्ध्या वाटेवर दगा देतो, कारण इथले काही आकडे जितके लहान तितके चांगले असतात आणि एक आकडा तर चक्क खोटा असतो.

याचा ऊहापोह करण्याचे निमित्त माझी भाची. तिला चिपळूणला नोकरी लागली आणि पहिल्या काही पगारांतून तिने खिशात मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचे ठरवले. फोन असताना कॅमेरा कशाला, हे तिच्या आईने विचारून झाले होते. मावशीने तेच पुन्हा विचारण्यात हशील नव्हते, शिवाय त्या प्रश्नाचे उत्तर कॅमेरा कोणता घेणार यावर अवलंबून असते. त्याकडे पुढे येतेच.

आधी मेगापिक्सेल, म्हणजे चित्रात किती ठिपके आहेत ते दहा लाखांच्या हिशेबात सांगणारा आकडा. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यातले चित्र आडवे १०० आणि उभे १०० अशा अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे होते, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तेव्हा ठिपके वाढवणे ही खरीच निकड होती. १९९५ मध्ये कॅसिओने पाठीवर पडदा असलेला क्यूव्ही-१० आणला, तेव्हाही मजल सुमारे अडीच लाख ठिपक्यांपर्यंतच गेली होती. पुढे मात्र हा आकडा गरजेपेक्षा जाहिरातीपोटी फुगत गेला. स्टुडिओतून आपण सहा बाय चारचा फोटो छापून घेतो, त्याला एका इंचात ३०० ठिपके असले की छपाई उत्तम होते. म्हणजे १८०० गुणिले १२००, दोन मेगापिक्सेलपेक्षा किंचित अधिक. भिंतीवर लावण्यासाठी ए-फोर आकाराचा फोटो काढला तरी नऊ मेगापिक्सेलच्या आत काम भागते. आज बाजारातला साध्यातला साधा कॅमेराही याच्या पुढे आहे, तेव्हा या आकड्यावरून निवड करण्यात अर्थ उरलेला नाही. उलट इवल्याशा सेन्सरवर, म्हणजे लेन्सच्या मागे उजेड टिपणाऱ्या चकतीवर, ठिपक्यांची गर्दी करणे म्हणजे वडिलोपार्जित एका एकराच्या आणखी वाटण्या करण्यासारखे आहे. सातबाऱ्यावर नावे वाढतात, शेत वाढत नाही, आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा पाऊस मात्र कमी होत जातो.

हे शेत म्हणजे सेन्सर, आणि त्यावर पडणारा पाऊस म्हणजे उजेड. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात सेन्सरचा आकार १/२.३ इंच असा दिलेला असतो. प्रत्यक्षात तो सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. त्याच्या वरची पायरी 'एक इंची' सेन्सरची, आणि मघाशी ज्याला खोटा म्हटले तो आकडा हाच. एक इंची सेन्सर मोजायला गेलो तर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर भरतो. त्याचा कर्णही १६ मिलिमीटरपर्यंत जेमतेम पोहोचतो, मग २५.४ मिलिमीटरचा इंच कुठून येणार? ही नावे जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांवरून आली आहेत. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असला, तर आत चित्र उमटण्याची जागा त्याच्या साधारण दोन-तृतीयांश असे. नळ्या इतिहासजमा झाल्या, त्यांचे माप तेवढे मागे राहिले, आणि विक्रेत्यांनाही ते सोयीचे असल्यामुळे कोणी बदलले नाही. तरीही हा खोटा आकडा खोट्यांत खरा आहे, कारण तुलनेसाठी तो पुरतो. एक इंची सेन्सरचे क्षेत्रफळ १/२.३ इंचीच्या चौपट असते. रिकोचे जीआर किंवा फुजीफिल्मचे एक्स१०० या मालिकांतले कॅमेरे याही पुढे जातात आणि एक इंचीच्या तिपटीहून मोठा सेन्सर देतात, पण त्यांना झूम नसतो, आणि नवशिक्याने पहिलाच कॅमेरा बिनझूमचा घ्यावा असे मला वाटत नाही. तो संन्यास पुढे कधीतरी घेता येतो.

चौपट क्षेत्रफळाचे महत्त्व चिपळूणला राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी तीन वाजता घरात दिवा लावावा लागतो. आणि पाऊस नसला तरी, नवा कॅमेरा घेतलेला माणूस फोटो काढतो ते घरात आणि दिवेलागणीनंतर: वाढदिवस, आरती, पंगत. फ्लॅश बाजूला ठेवला तर कमी उजेडात कॅमेऱ्याच्या हाती तीनच उपाय असतात. लेन्सचे छिद्र मोठे करायचे, शटर जास्त वेळ उघडे ठेवायचे, नाहीतर आयएसओ वाढवून आलेला क्षीण संकेत फुगवायचा. शटर रेंगाळले की आरती ओवाळणारा हात फराटा होऊन उमटतो. आयएसओ वाढवला की सावल्यांत रवाळ ठिपके उठतात, आणि ते लपवण्यासाठी कॅमेरा चित्रावरून स्वतःच बोळा फिरवतो. लहान सेन्सरने समईच्या उजेडात काढलेला आजीचा फोटो मोठा करून पाहावा. ज्योत छान आलेली असते, चष्म्याची काडीही स्पष्ट असते, पण गालावरच्या सुरकुत्या मेणासारख्या वितळलेल्या दिसतात आणि लुगड्याच्या काठावरची नक्षी पुसून एकसलग तांबडी पट्टी उरते. हा दोष आजीचा नव्हे, फोटो काढणाऱ्याचाही नव्हे; त्या नखाएवढ्या जागेत मावला तेवढाच उजेड मावला.

आता छिद्राचा आकडा. हा तर खोक्यावर शोधायलाच नको, लेन्सच्या तोंडाशी गोल कड्यावर बारीक अक्षरांत कोरलेला असतो. सोनीने २०१२ मध्ये आणलेल्या पहिल्या आरएक्स१०० च्या कड्यावर '१.८-४.९/१०.४-३७.१' अशी अक्षरे आहेत. मागची जोडी लेन्सच्या नाभीय अंतराची (फोकल लेंग्थ), मिलिमीटरमध्ये; ते जितके जास्त तितके दूरचे मोठे दिसते. पुढची जोडी एफ-अंकाची, आणि तीच निर्णायक. एफ-अंक म्हणजे त्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या, म्हणून छिद्र जितके मोठे तितका आकडा लहान. शिवाय उजेडाचा फरक वर्गाने वाढतो: एफ १.८ आणि एफ ३.५ हे अंक दुपटीइतके दूर दिसले तरी उजेडातला फरक जवळजवळ चौपट असतो. कड्यावर दोन एफ-अंक असतात, कारण झूम वाढवला की बहुतेक लेन्स अधिकाधिक मिटत जातात. विक्रेता पहिला अंक मोठ्याने वाचतो, आपण दुसरा वाचावा. कॅननच्या २०१४ च्या पॉवरशॉट जी७ एक्समध्ये सेन्सर तोच एक इंची आहे, सुरुवातही १.८ चीच आहे, पण शेवट २.८ वर होतो. झूम टोकाला नेल्यावर ४.९ आणि २.८ यांत उजेडाचा फरक तिपटीचा पडतो. अर्थात एवढी काच फुकट येत नाही. सोनी २४० ग्रॅमचा, कॅनन ३०० च्या थोडा वर, आणि जीन्सच्या खिशात हे साठ ग्रॅम जाणवतात.

झूमचा आकडा म्हणजे मेगापिक्सेलचा धाकटा भाऊ. '३० एक्स' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ते लेन्सने मिळते की चित्राचा मधला तुकडा नुसता ताणून, एवढे आधी विचारून घ्यावे, कारण ताणलेल्या झूमला काडीचीही किंमत नाही. लेन्सचा खरा तीसपट झूम असला तरी टोकाला गेल्यावर एफ-अंक सहाच्या पुढे सरकलेला असतो, आणि हात न थरथरता ७२० मिलिमीटरचा (झूमचे हे मिलिमीटर कड्यावरचे नव्हेत, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबातले) फोटो काढायचा तर जुन्या आडाख्याप्रमाणे शटर सेकंदाच्या सातशेव्या भागात मिटायला हवे. स्थिरीकरणाची यंत्रणा आपल्या हाताचा कंप सावरते. समोरचा पक्षी हलला तर ती काही करू शकत नाही. नवशिक्याने खरे पाहावे ते झूमचे दुसरे, जवळचे टोक. ते २८ मिलिमीटरपासून सुरू होते की २४ पासून, हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. दिवाणखान्यात भिंतीला पाठ टेकवून तीन मीटरवरच्या मंडळींचा फोटो काढताना २८ मध्ये सुमारे ३.९ मीटर रुंदी येते, २४ मध्ये साडेचार. तो जो साठ सेंटिमीटरचा फरक आहे, त्यात कडेचे काका बसतात किंवा बसत नाहीत, आणि आमच्या घरात न बसलेले काका ही गोष्ट पुढच्या लग्नकार्यापर्यंत पुरते.

एवढे पाहिल्यावर फोनच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. २०१० साली जगभरात सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, त्यांतले बहुसंख्य छोटे, खिशातले. पुढे तो बाजार फोनने खाल्ला, आणि अन्यायाने खाल्ला असे म्हणता येणार नाही. चांगला फोन डोळ्याचे पाते लवते न लवते तोच अनेक चित्रे टिपून त्यांचे एक करतो, त्यामुळे संध्याकाळच्या घरात तो १/२.३ इंची साध्या कॅमेऱ्यावर सहज मात करतो. तेव्हा स्वस्त आहे म्हणून त्या आकाराचा कॅमेरा घेण्यात, लांबचा झूम हाच हेतू असल्याशिवाय, मला शहाणपण दिसत नाही. घ्यायचा तर एक इंची घ्यावा, आणि नव्याची किंमत चांगल्या फोनच्या घरात जाते म्हणून वापरलेला पाहावा.

वापरलेल्यांचा बाजार सध्या तेजीत आहे, कारण वीस वर्षांपूर्वीचे छोटे कॅमेरे तरुण मुलांत पुन्हा लोकप्रिय झाले आहेत. त्यांतल्या सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे रंग काही औरच, असे भाचीच्या मैत्रिणी सांगतात. सीसीडीबद्दल मला आदर आहे. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये त्याची कल्पना मांडणाऱ्या विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण रंग ठरतात ते मुख्यतः सेन्सरवरच्या रंगीत गाळणीने आणि त्यानंतर कॅमेऱ्यात होणाऱ्या संस्काराने, आणि मैत्रिणींना आवडतो तो बहुधा समोरून भाडकन पडणारा फ्लॅश. शिवाय त्या जुन्या कॅमेऱ्यांना लागणारी कार्डे मिळवताना नाकी नऊ येतात. ऑलिम्पस आणि फुजीफिल्मच्या काही मॉडेलांना एक्सडी कार्ड लागते, सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक, आणि साधे एसडी घेणारे कित्येक जुने कॅमेरे दोन जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखतच नाहीत.

आम्ही दोघी मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. तिथे काचेच्या कपाटांत वापरलेले कॅमेरे ओळीने मांडलेले असतात, आणि दुकानदाराला आपण घाईत नाही हे कळले की तो स्टूल पुढे करतो. "ताई, आरामात बघा," असे म्हणून त्याने तीन-चार कॅमेरे काउंटरवर ठेवले. भाचीला मी एवढेच सांगितले होते की आधी बटण अर्धे दाबायचे. अर्ध्या दाबावर कॅमेरा नेम धरतो, पडद्यावर हिरवी चौकट उजळते, बारीकसा आवाज होतो, आणि मग उरलेला अर्धा दाब द्यायचा. हिरव्या चौकटीला किती वेळ लागतो, हा आकडा कोणत्याही खोक्यावर छापत नाहीत. तिने एकेक कॅमेरा घेऊन दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यावर नेम धरून पाहिला. एक तिथे नुसता पुढेमागे घुटमळत राहिला, तो बाजूला गेला. मग झूम चार-पाचदा बाहेर काढून आत घेतला, कारण या नळीच्या लेन्सांत वाळूचा एक कण शिरला तरी त्या अडकतात. पांढऱ्या भिंतीचा फोटो छिद्र अगदी बारीक करून काढला. सेन्सरवर धूळ असली तर त्यात करडे डाग उठतात. शेवटी लेन्स उजेडाकडे धरून तिरक्या नजरेने आत पाहिले. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसले तर ती बुरशी, आणि दमट हवेत ती वाढतच जाते. कोकणात कॅमेरा न्यायचा असेल तर तो कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.

तिने जी७ एक्स घेतला, जुनाच, पण बॅटरी न फुगलेला आणि चार्जरसकट. दुसरी बॅटरी मी तिला तिथल्या तिथे घ्यायला लावली, कारण या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या दिवसभर टिकत नाहीत. आता तिची तक्रार अशी आहे की तिच्या खोलीमागच्या वडावर धनेश येतात, आणि झूम टोकाला, १०० मिलिमीटरला, नेला तरी त्यांचा नुसता ठिपका दिसतो. तो तसाच दिसणार. धनेशासाठीचा कॅमेराही त्या दिवशी काउंटरवर होता. तिने तो उचलला, पर्समध्ये घालून पाहिला, चेन लागेना, आणि दुकानदाराला परत दिला.