माझा अनुभव: शेजारच्या पोरीचं गाओकाओ आणि माझं 'टेस्टफुल' इंग्लिश

दहापैकी सात. एम.ए. विथ इंग्लिश, इचलकरंजीत चार वर्षं शाळेत शिकवलेलं, नवऱ्याच्या ऑफिसची सगळी ईमेल तपासून देणारी मी, आणि चीनच्या बारावीच्या पोरांच्या ग्रामरच्या पेपरात मला दहापैकी सात. समोर बसलेल्या सतरा वर्षांच्या पोरीला दहापैकी नऊ. ती बिचारी माझ्याकडे इंग्लिश शिकायला आली होती.

आधी थोडं सांगते म्हणजे कळेल. आम्ही कछाओला राहतो, चच्यांग प्रांतात, शाओशिंग शहराचाच भाग आहे हा. कापडाचा धंदा ज्यांना माहितीय त्यांना हे नाव नवीन नाही, इथलं कापड मार्केट एवढं मोठं आहे की पहिल्यांदा आले तेव्हा नवऱ्याला म्हटलं, अरे आपलं आख्खं इचलकरंजी याच्या एका मजल्यावर मावेल. भारतीय लोक भरपूर, मसाले मिळतात, वरणभाताची सोय होते. आमच्या समोरच्या दारात एक चिनी कुटुंब, त्यांचा पडद्याच्या कापडाचा गाळा. ती बाई माझ्यापेक्षा थोडी मोठी म्हणून मी तिला च्ये म्हणते, म्हणजे ताई. तिची मुलगी मला म्हणते आयी. चिनीत आयी म्हणजे मावशी-काकू, पण पहिल्यांदा जिन्यात मागून "आयी!" अशी हाक आली तेव्हा मी दचकून वळले, मला वाटलं माझंच पोरगं पडलंबिडलं की काय.

सप्टेंबर २०२३ मध्ये ही पोरगी शेवटच्या वर्षाला गेली आणि च्ये एक दिवस संत्र्यांची पिशवी घेऊन दारात. मुलीचं इंग्लिश कच्चं आहे, तू बघशील का. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, माझा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून आहे, त्यावर काम करता येत नाही, आणि शेजाऱ्यांकडून घेणार तरी कसे. ठरलं असं की शनिवारी रात्री मी तिला इंग्लिश बघायचं आणि तिने माझ्या मुलाच्या चिनी गृहपाठावर अर्धा तास नजर टाकायची. मी मनात म्हटलं, ह्यॅ, इंग्लिशच तर आहे.

मग तिने पेपर आणला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाओकाओ म्हणजे तिकडची कॉलेज प्रवेश परीक्षा, दरवर्षी ७ जूनला सुरू होते, एकूण ७५० मार्क, त्यात इंग्लिशला १५०. २०२४ ला १ कोटी ३४ लाख पोरांनी फॉर्म भरला होता. आमच्या प्रांतात एक बरं आहे, इंग्लिश दोनदा देता येतं, एकदा जानेवारीत आणि एकदा जूनमध्ये, ज्यात जास्त मार्क ते धरतात. पेपर दोन तासांचा. आधी लिसनिंग ३० मार्कांचं, मग चार उतारे आणि त्यावर १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क, मग एक उतारा ज्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात आणि खाली सात वाक्यं दिलेली, त्यातली बरोबर पाच शोधून बसवायची, दोन फसवी. मग १५ गाळलेल्या जागांची गोष्ट पर्यायांसकट, मग १० गाळलेल्या जागा ग्रामरच्या, आणि शेवटी दोन लेखनाचे प्रश्न, १५ आणि २५ मार्कांचे. आपल्याकडच्या 'डू ॲज डायरेक्टेड', 'रिमूव्ह टू', 'नो सूनर दॅन' ची सवय असलेल्या माणसाला हा पेपर बघून आधी हायसं वाटतं, कारण सुटी वाक्यं फिरवून लिहायची भानगडच नाही. हायसं वाटतं ते पाच मिनिटंच.

तर तो ग्रामरचा उतारा २०२३ च्या पेपरातला होता, श्याओलोंगबाओवर, म्हणजे आत गरम सूप असलेले ते मोदकासारखे दिसणारे डंपलिंग. (मोदकच म्हणा, कळ्या तशाच पाडतात, फक्त आत डुकराचं मटण, म्हणून आपण लांबूनच नमस्कार.) एका जागी 'हॉट' नंतर स्वल्पविराम, मग रिकामी जागा, कंसात 'टेस्ट', पुढे 'सूप'. मी डोळे झाकून लिहिलं टेस्टफुल. पोरीने लिहिलं टेस्टी. तिने मोबाईलवर शोधून मला अर्थ दाखवला, टेस्टफुल म्हणजे सुरुचीपूर्ण, सोफ्याचे कव्हर वगैरे टेस्टफुल असतात, सूप नाही. मी गप्प. पुढे 'अलाऊइंग देम' नंतर कंसात 'बी', तिथे मात्र दोघींचंही 'टू बी' बरोबर आलं. मी विचारलं, तुला कसं कळलं? तिने घडाघडा चिनीत नियम म्हटला, अलाऊ, पुढे माणूस किंवा वस्तू, पुढे टू. तिने मला विचारलं, आयी तुला कसं कळलं? मी म्हटलं, कानाला बरोबर वाटलं. तिने तोंड असं केलं की डॉक्टरला विचारावं आजार काय आणि तो म्हणावा मला आतून वाटतंय.

पुढचे नऊ महिने खरं तर याच एका गोष्टीवरून आमची रस्सीखेच चालली. तिच्याकडे नियम सगळे होते, कान अजिबात नव्हता. माझ्याकडे कान होता आणि तो कान इचलकरंजीचा होता. मी सवयीने 'डिस्कस अबाउट' म्हणायचे, ती पेन उचलायची, डिस्कसच्या पुढे थेट कर्म, मध्ये काही नाही. मी 'एक्सप्लेन मी' म्हटलं की परत पेन वर. आणि तीच पोरगी स्वतःच्या आईबद्दल इंग्लिशमध्ये बोलताना 'ही' म्हणायची, कारण चिनीत तो आणि ती दोन्हीला बोलताना 'था'च, लिहिताना अक्षर वेगळं. लिहिताना कधी चुकली नाही, बोलायला तोंड उघडलं की आईचा बाप्या.

तिचं खरं घोडं अडत होतं लांब वाक्यांवर. नामाच्या मागे 'दॅट', 'विच', 'हूज' लागून जी लांबलचक शेपूट येते तिथे ती गुंतायची, उताऱ्यातलं एक वाक्य चारदा वाचायची आणि तोवर आठ मिनिटं गेलेली. शाळेत त्याचे नियम तीन वर्षं घोटून घेतलेले, पाठ होते, पण वाचताना उपयोग शून्य. एका रात्री मी वैतागून माझ्या बाजारी चिनीत म्हटलं, हे बघ, वो झुओत्येन माइ द बू. मी काल घेतलेलं कापड. आणि म्हणता म्हणता माझंच लक्ष गेलं, अरे, हे तर शब्दाला शब्द मराठी आहे! वो मी, झुओत्येन काल, माइ द घेतलेलं, बू कापड. क्रमसुद्धा तोच. आपण आणि चिनी, दोघंही सगळी माहिती आधी लादतो आणि कापड शेवटी हातात देतो. इंग्लिशवाला आधी कापड दाखवतो, मग सांगत बसतो की जे मी, घेतलं, काल. मी तिला हे कागदावर तीन ओळीत लिहून दाखवलं, वर मराठी, मध्ये चिनी, खाली इंग्लिश, बाण काढून. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, म्हणजे वाचताना नाम आलं की थांबायचं नाही, शेपूट संपेपर्यंत ते हातात धरून ठेवायचं. बास. तेच तर. तेव्हापासून आम्ही उताऱ्यात शेपटाला पेन्सिलीने कंस करायचो आणि आधी कंसाबाहेरचं वाचायचो. महिनाभरात तिचा वेग वाढला, चारही उतारे आणि ती पाच वाक्यांची भानगड मिळून चाळीस मिनिटांत यायला लागलं.

हां, अडलेल्या शब्दांचं पण सांगते. या पोरांकडे साडेतीन हजार शब्दांची यादी असते, ए पासून, आणि सुरुवातीलाच 'अबॅन्डन' येतो म्हणजे सोडून देणे, तिकडचा जुना जोक आहे की पोरं अबॅन्डन पाठ करतात आणि तिथेच अबॅन्डन करतात. तिची यादी तीनदा झाली होती. तरी उताऱ्यात एक अनोळखी शब्द आला की ती अधोरेखित करून तिथेच ठाण मांडायची. मी नियम केला, अधोरेखित करायचंच नाही, पेन खाली ठेव आणि परिच्छेद संपव. रडली एकदा यावरून. मला वाईट वाटलं पण मी काही पेन दिला नाही.

प्रश्नांमध्ये मात्र आम्ही दोघी सारख्याच गाढव. २०२३ च्याच पेपरात शेवटचा उतारा गाल्टन नावाच्या संख्याशास्त्रज्ञापासून सुरू होतो, गर्दीचं शहाणपण म्हणजे बऱ्याच लोकांच्या अंदाजांची सरासरी काढली की ती खऱ्याच्या जवळ जाते, असा विषय. मला विषय आवडला, मी माझं मत घेऊन बसले आणि प्रश्नाचं उत्तर माझ्या मताने दिलं. चूक. पर्याय जगात खरा होता, उताऱ्यात नव्हता. ती पण तशीच करायची. मग आम्ही ठरवलं की प्रत्येक उत्तरासमोर उताऱ्यातल्या ओळीचा नंबर लिहायचा, नंबर लिहिता आला नाही तर ते उत्तर आपलं, लेखकाचं नाही. 'ऑलवेज', 'ओन्ली', 'नेव्हर' असलेल्या पर्यायाकडे आधी संशयाने बघायचं. आणि सातातून पाच निवडताना वाक्याच्या सुरुवातीचं 'दिस', 'दे', 'हाउएव्हर' बघायचं, 'दे' म्हणजे कोण ते आधीच्या वाक्यात सापडलं पाहिजे. यात विशेष बुद्धी नाही, शिस्त आहे, पण दर शनिवारी रात्री नऊला ती शिस्त टिकवणं म्हणजे माझ्या मते उपासापेक्षा अवघड.

चुकलेल्या प्रश्नांची तिची एक वेगळी वही होती, तिकडे सगळ्यांचीच असते, चुकांची वही. प्रत्येक चूक कात्रीने कापून चिकटवलेली, खाली लाल पेनाने कारण. मी पण घातली एक. पहिलं पान, टेस्टफुल.

लेखनाचं सांगायला मला जास्त मजा येते. १५ मार्कांच्या पत्रात तुम्ही कायम ली हुआ असता. ली हुआ नावाचा हा पोरगा वर्षानुवर्षं परदेशी मित्रांना पत्रं लिहितोय, आमंत्रणं देतोय, दिलगिरी व्यक्त करतोय, आणि अजून पास झालेला नाही, हा पण तिकडचाच जोक. दुसरा प्रश्न २५ चा, अर्धवट गोष्ट दिलेली असते, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं दिलेली, उरलेलं दीडशे शब्दांत आपण पुरं करायचं. पोरीने यासाठी भावनांची वाक्यं पाठ केली होती, अश्रू गालावरून ओघळले, हृदय ढोलासारखं वाजू लागलं, सूर्यकिरणांनी खोली न्हाऊन निघाली. प्रत्येक गोष्टीत सगळे रडायचे आणि मिठ्या मारायचे. २०२३ ची गोष्ट होती एका मुलाची, इंग्लिश त्याची दुसरी भाषा, सरांच्या आग्रहाने निबंध स्पर्धेत उतरतो, एका घोड्याच्या तोंडून इतिहास सांगतो. शेवटचा परिच्छेद, बक्षीस समारंभानंतर तो सरांच्या ऑफिसात जातो. हिने लिहिलं, सर रडले, मी रडलो, मिठी. मी विचारलं, तू तुझ्या बाईंच्या ऑफिसात गेलीस तर खरंच काय होईल? ती म्हणाली, बाई कागदी कपात गरम पाणी देतील. मग? मग काही नाही, मी पाणी पिईन. म्हटलं, लिही. तिने लिहिलं, सरांनी गरम पाण्याचा कप पुढे केला, तो हातात फार गरम लागत होता, तरी मी तो खाली ठेवला नाही. व्याकरणाची एक चूक होती त्यात आणि मी ती दहा मिनिटं सांगितली नाही.

जानेवारीत ११७ आले. च्येचा चेहरा उतरला, मी दोन दिवस जिन्यातून लपत गेले. पोरगी मात्र शांत, म्हणाली उताऱ्यांत दोनच चुकले, लिसनिंगमध्ये गेले. मग फेब्रुवारीपासून मी तिच्याशी चिनी बोलणंच बंद केलं. मुलाच्या गृहपाठाला पण इंग्लिश. माझा मुलगा वैतागला, त्याचं इंग्लिश सुधारलं आणि चिनी बिघडलं, तो हिशोब वेगळा.

८ जून २०२४, दुपारी तीनला इंग्लिश. च्ये लाल छिपाओ, म्हणजे उंच गळ्याचा चिनी झगा, घालून परीक्षा केंद्राबाहेर, तो एक शकुन आहे, बऱ्याच आया घालतात, त्या नावातल्या अक्षरावरून पहिल्या झटक्यात विजय असा अर्थ जोडतात. मी पण गेले, लाल कॉटनची साडी नेसून, मनात म्हटलं आपला पण हातभार लागू दे. लोक फोटो काढत होते. पाचनंतर गेटमधून पोरांचा लोंढा आला आणि ही मला बघून आधी हसतच सुटली. ग्रामरच्या उताऱ्यात इंग्लंडातलं एक काचघर आणि सिल्क रूटची बाग आली होती, "आयी, सिल्क! कापड!" गोष्टीत व्हिएन्नाचा टॅक्सीवाला होता, प्रवाशाकडे त्याला द्यायला पैसे नाहीत आणि चार दिवसांनी परत येऊन द्यायचा वायदा. मी विचारलं, कोणी रडलं का? म्हणाली, नाही, पैसे दिले आणि टॅक्सीत बसून परत गेला.

१३३ आले. च्येने दोन दिवस सगळ्या मजल्याला जेवू घातलं, आमच्यासाठी खास भोपळ्याचं काहीतरी केलं ज्यात शेवटी कोळंबी निघालीच.

ती आता दुसऱ्या शहरात शिकते. चुकांची वही माझ्याकडे ठेवून गेली, माझ्या मुलाला लागेल म्हणून. परवा तिला वीचॅटवर लिहिलं, आय ॲम हॅविंग टू टिकेट्स टू इंडिया, दिवाळीला जातोय. दोन मिनिटांत उत्तर आलं, हॅपी दिवाळी आयी, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत एकच शब्द, हॅव.