आधी टाकी, मग मासा : आमची वाटचाल

आमचं शोभेच्या माशांचं दुकान 2004 साली ठाण्यात, नौपाड्यात सुरू झालं. आदल्या वर्षीच्या एका इंग्रजी कार्टूनपटाने क्लाऊन मासा घराघरांत पोचवला होता आणि पोरं आईबापांना हाताला धरून दुकानात आणत होती. कुर्ल्याच्या बाजारात तेव्हा गोल्डफिश, गप्पी, फ्लॉवरहॉर्न यांची चलती. खाऱ्या पाण्याचा माल ठेवायला फारसं कोणी धजत नसे, कारण तो मेला की भांडवलच मेलं. आम्ही पहिल्या दिवसापासून फक्त खारं पाणी ठेवलं आणि आजही दुसरं काही ठेवत नाही.

सुरुवातीला मेव्हणा भागीदार होता. चेन्नईहून रात्रीच्या विमानाने थर्माकोलचे खोके यायचे, ते कार्गोतून सोडवून उजाडायच्या आत दुकानात आणायचं काम त्याचं. माल उतरवण्यात त्याच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. बाकीचे दुकानदार पिशवी उघडून नळीने थेंब थेंब पाणी सोडत तासभर बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी निम्मा माल आडवा. मासा बारा-चौदा तास बंद पिशवीत असतो तेव्हा त्याच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, म्हणून माशाच्याच अंगातून बाहेर पडून साचलेला अमोनिया तेवढा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळतो. मेव्हणा आदल्या संध्याकाळीच चेन्नईला फोन करून पाण्याची खारटी विचारून घ्यायचा, आमची उतरवायची टाकी त्याच आकड्यावर आणून ठेवायचा, पिशवी तरंगवून तापमान जुळलं की कापायची आणि मासा लगेच आत. पुढे तो कोळंबीच्या प्रकल्पावर कोकणात गेला, पण ही पद्धत इथेच राहिली.

पाण्याची खारटी मोजायला त्या काळात घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर अजून गल्ल्याच्या खणात आहे. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा वाचायची. आम्ही 1.025 ठेवतो, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेत खाऱ्या पाण्याची घनता. स्वस्तातला प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर घेऊ नका, काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा खोटा येतो. आणि रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओच्या, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, 35 पीपीटीचं (हजारात 35 भाग मीठ) प्रमाणित द्रावण मिळतं, महिन्यातून एकदा त्याच्यावर लावून बघा.

आमचं नाव झालं ते मात्र भिंतीवरच्या तक्त्याने. कोणता मासा कोणाबरोबर नांदतो, कोणाबरोबर नाही, आणि कमीत कमी किती लांबीच्या टाकीत, असा हाताने रेघा मारून केलेला तक्ता. हिरवा रकाना म्हणजे चालेल, पिवळा म्हणजे आधी आमच्याशी बोला, लाल म्हणजे पैसे दिलेत तरी देणार नाही. गिऱ्हाईक आलं की आमचा पहिला प्रश्न टाकीचा. लांबी-रुंदी किती, सुरू होऊन किती महिने झाले, आत कोण कोण आहे, वर जाळी आहे का. याची उत्तरं मिळाल्याशिवाय जाळं हातात घेत नाही. लोकांना राग यायचा. एक गृहस्थ तर म्हणाले, मी मासा घ्यायला आलोय, मुलगी बघायला नाही.

ज्यांना राग आला नाही त्या चरईतल्या काकू. बँकेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. टाकी दोन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. हिशेबाने सव्वाशे लिटर, दगड आणि वाळू घातल्यावर पाणी शंभराच्या आसपास. त्यांना निळा टँग हवा होता. मी सांगितलं, हा मासा फूटभर होतो आणि दिवसभर पोहत असतो, याला सहा फुटांची टाकी लागते. काकू तक्त्यासमोर वही घेऊन उभ्या राहिल्या आणि अख्खा उतरवून घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाल्या, "अरे, मला फक्त हिरव्यातले सांग. आणि क्रम सांग, कोण आधी, कोण मागून." क्रम विचारणारं ते पहिलं गिऱ्हाईक.

त्यांच्या टाकीत आधी फायरफिश गेला, कारण तो भित्रा. त्याला आधी बीळ सापडू द्यायचं. तो उडी मारतो म्हणून वर बारीक जाळी आधीच ताणून घेतली. मग पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्या जोडीला पिस्तूल कोळंबी. तिला जवळजवळ दिसत नाही. ती वाळू उपसते, गोबी दारात पहारा देतो, आणि कोळंबीची मिशी सतत त्याच्या अंगाला लागलेली असते. गोबीने शेपटी थरथरवली की ती आत पळते. महिन्याभराने एक बांगाई कार्डिनल. क्लाऊनची जोडी सगळ्यांत शेवटी, कारण रुजली की ती कोपरा आपला समजते. जोडी म्हणून आम्ही एक मोठा आणि एक लहान असे ओसेलॅरिस जातीचे दोन छोटे क्लाऊन दिले. हे मासे जन्माने नर असतात, त्यातला वरचढ मादी होतो, म्हणून दोन सारखे दांडगे कधी देऊ नयेत. पाच मासे झाले, टाकी भरली. काकूंनी सहावा कधी मागितला नाही. त्या जोडीने पुढे कुंडीच्या खापरीवर अंडी घातली तेव्हा काकू पेढे घेऊन दुकानात आल्या.

आता एका कडू गोष्टीकडे येतो. 2011 च्या सुमाराला आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एक मोठं दुकान उघडलं. नाव घेत नाही, जुनी गिऱ्हाइकं ओळखतील. काचेचा दर्शनी भाग, एसी, आणि पाटी अशी की टाकी, दगड, दिवा आणि दहा मासे एकाच दिवशी एकाच किमतीत. दोन फुटांत दहा मासे! टाकीत अमोनिया खाणारे जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात, हे धंद्यातल्या कोणाला माहीत नाही? त्या दुकानाच्या टाक्यांचं पाणी 1.017 ला असायचं. मीठ वाचतं आणि पातळ पाण्यात परजीवीही दबून राहतात. तिथला मासा घरच्या 1.025 मध्ये पडला की त्याच्यावर एकदम ताण येतो आणि दबलेलं सगळं वर येतं.

तिथल्या मालकाने आमच्या तक्त्याचा फोटो काढून नेला आणि स्वतःच्या नावाने पत्रकावर छापला. त्याचंही मला एवढं वाटलं नसतं. पण छापताना डॅमसेल, म्हणजे लहानसे पण भांडखोर मासे, लाल रकान्यातून काढून हिरव्यात टाकले, कारण त्याच्याकडे ते ढिगाने पडले होते. डॉमिनो, तीन पट्ट्यांचा, निळा, सगळे. डॅमसेल लहान असताना गोंडस दिसतो आणि स्वस्त पडतो, म्हणून लोक घेतात. डॉमिनो मोठा झाला की दोन फुटांत दुसऱ्याला जगू देत नाही, आणि काढायला जावं तर अख्खा दगड उपसावा लागतो. आमच्या अक्षरातल्या तक्त्यावर विश्वास ठेवून लोकांनी ते घेतले. ही गोष्ट मी आजही विसरलेलो नाही.

आमच्याच एका गिऱ्हाइकाची टाकी वर्षभर छान चालली होती. त्या माणसाने तिथून एक डॉमिनो, एक सहा रेघांचा रॅस आणि एक पावडर ब्लू टँग एकाच दिवशी आणून सोडले. पावडर ब्लू म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला आवतण. आठ-दहा दिवसांत सगळे मासे ठिपक्यांनी भरले, आमचेही गेले. त्या गृहस्थांनी मोठ्या सोसायटीत सगळ्यांना सांगितलं की नौपाड्यातल्या दुकानाचे मासे रोगट असतात. त्या एका सोसायटीत आम्ही सांभाळत असलेल्या डझनभर टाक्या होत्या. महिन्याभरात देखभालीची कामं सुटली, मग त्यांच्या ओळखीतली सुटली. दुकानाचं भाडं थकलं, चेन्नईच्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली, गाडी विकावी लागली. बायकोने स्वतःच्या बांगड्या काढून दिल्या, तेव्हा दुकान बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं.

वाचवलं ते नोंदवहीने. आमच्याकडे प्रत्येक माशाची ओळ असते. कोणत्या खोक्यातून आला, वेगळ्या टाकीत किती आठवडे ठेवला, परजीवींवरचं तांब्याचं औषध किती दिवस दिलं, पहिल्यांदा काय खाल्लं, कोणाकडे गेला. तांबं कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना मारतं, म्हणून ते मुख्य टाकीत कधीच टाकायचं नसतं. आम्ही चार आठवडे मासा वेगळा ठेवल्याशिवाय विकत नाही. काकू ती वही पिशवीत घालून सोसायटीच्या सभेला गेल्या. मी बरोबर होतो, पण बोलल्या त्या. म्हणाल्या, "यात तुमच्या घरी गेलेला प्रत्येक मासा आहे. त्या दुसऱ्या दुकानाकडे अशी वही मागा." पाच-सहा कामं परत आली, एका दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात चार फुटांची टाकी मांडून घेतली, आणि आम्ही तगलो. ते मोठं दुकान दोन वर्षांनी गाशा गुंडाळून गेलं. तक्त्याबद्दल माफीचा शब्द नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. 2017 च्या मे महिन्यात केंद्राने मत्स्यालयांसाठी जे नियम काढले त्यांत विक्रीला बंदी असलेल्या 158 जातींची यादी होती आणि त्यात क्लाऊनही होता. ते नियम पुढे मागे घेतले गेले, पण मधल्या काळात गिऱ्हाईक घाबरलेलं होतं. 2020 मध्ये विमानं थांबली तेव्हा सांभाळ-करारांवर दुकान चाललं. प्रवाळाबाबत मात्र आमचा नियम पहिल्यापासून एकच आहे. कठीण प्रवाळ आणि समुद्री घोडा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आम्ही त्यांना हात लावत नाही. दगडही कारखान्यात केलेला वापरतो. क्लाऊन शक्यतो हॅचरीतले, म्हणजे पैदास केंद्रातले घेतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं, त्याचा आमच्यासारख्यांना मोठा आधार झाला. हॅचरीतला मासा पहिल्या दिवशी दाणा उचलतो, समुद्रातून पकडलेला कधी कधी आठवडा उपाशी राहतो.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मँडरिन मासा कितीही सुंदर दिसला तरी वर्षाच्या आतल्या छोट्या टाकीत घेऊ नका. तो दगडावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत जगतो, ते संपले की पोट खपाटीला जातं आणि डोळ्यांदेखत मरतो. क्लीनर रॅसही असाच उपाशी मरतो. हिरवे क्रोमिस पाचाचा थवा म्हणून विकतात, छोट्या टाकीत ते एकमेकांना मारून शेवटी एक उरतो. मॅरून क्लाऊन ओसेलॅरिसच्या शेजारी कधी सोडू नका. सहा रेघांचा रॅस घ्यायचाच असेल तर सगळ्यांत शेवटी घ्या. नवा मासा आणला की भोकं पाडलेल्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या खोक्यात तीन-चार दिवस टाकीतच टांगून ठेवा. जुने काचेवर धडका मारत असतील तर तो अजून सोडायचा नाही, दोन दगड इकडचे तिकडे करा म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. सोडायचा तो दिवे गेल्यावर आणि जुन्यांना पोटभर घालून. आपल्याकडे मे महिन्यात पाणी 32 अंशांवर जातं, पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचे पैसे नसतील तर माशांचे पैसे आधी खर्च करू नका. आणि वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात असायलाच हवा.

तक्ता आता छापील आहे, दर दोन वर्षांनी बदलतो, डॅमसेल लालच आहेत. मागच्या बाजूला चार फुटांची एक टाकी आम्ही फक्त परत आलेल्या डॅमसेलसाठी ठेवली आहे. मासा कुठूनही घेतलेला असो, पैसे न घेता ठेवून घेतो. आणायचा असेल तर आदल्या दिवशी खाणं देऊ नका, त्याच्याच टाकीचं पाणी भरपूर घ्या आणि सकाळी अकराच्या आत या. दुपारी मी टाक्यांच्या कामावर बाहेर असतो.