उत्तर 35 आलं, पण कुठून आलं?

चौथी-पाचवीतलं मूल हातच्याच्या वजाबाकीत अडलं की त्याला आणखी वीस गणितं दिली जातात. त्याने फक्त चूक पक्की होते. 52 वजा 27 चं उत्तर 35 आलं, तर ते दोन वाटांनी आलेलं असू शकतं. एक मूल सातातून दोन काढतं, कारण ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ एवढंच त्याच्या डोक्यात बसलंय. दुसरं मूल हातचा बरोबर घेतं, बारातून सात काढतं, पण दशकाच्या पाचाचे चार करायला विसरतं. वहीत दोघांचं उत्तर सारखंच, दुखणं मात्र वेगळं. अशा वेळी 50 वजा 27 द्या. पहिल्याचं 37 येईल, दुसऱ्याचं 33. शिवाय मुलाला मोठ्याने बोलत गणित करायला सांगा आणि मध्ये अजिबात टोकू नका.

वजाबाकीआधी दहा संख्या सांगून लिहून घ्या. मराठीत त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो, म्हणून मूल 35 लिहितं. एकोणसाठ ऐकून 69 लिहिणारी मुलंही भेटतात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन दिलं तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. अडलेल्या मुलाशेजारी बसून पाहिलं तर त्या बदलामागचं कारण मला तरी पूर्ण पटतं.

साहित्य अगदी साधं: शंभरेक काड्या आणि रबरबँड. दहा-दहाचे गठ्ठे मुलानेच बांधायचे. 52 म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात द्यायच्या आहेत, दोनच आहेत, मग एक गठ्ठा सोडायचा. गठ्ठा सुटला की लगेच वहीत 5 खोडून 4 आणि 2 च्या जागी 12 लिहायचं. आधी काड्यांचा खेळ आणि नंतर वही असं केलं, तर मुलाला दोन्ही गोष्टी वेगळ्याच वाटतात. तीन-चार दिवसांनी काड्यांऐवजी वहीत उभ्या रेघा आणि टिंबं, मग नुसते अंक.

मधलं शून्य सगळ्यात अवघड. 403 वजा 168 मध्ये शंभराचे दहा दशक होतात, त्यातला एक पुन्हा सुटा होतो. उरतात 3 शतक, 9 दशक, 13 सुटे. उत्तर 235. मुलाने 245 लिहिलं, तर त्याने शून्याच्या डोक्यावर 9 ऐवजी 10 ठेवलेत. इथे घाई करू नका, दोन बैठकी गेल्या तरी चालतील.

बैठक वीस-पंचवीस मिनिटांची, पाच-सहा गणितांची. मुलाच्या शेजारी बसा. समोर बसलात तर त्याचे अंक तुम्हाला उलटे दिसतात. पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्या. ‘समजलं का?’ विचारलं की ‘हो’च येतं, म्हणून ‘आता दशक किती उरले?’ असं विचारा. आणि कृपा करून त्याचा खेळाचा तास यासाठी घेऊ नका, शिकणं म्हणजे शिक्षा असं त्याला वाटायला लागतं.

जमायला लागलं की मूल सगळीकडेच हातचा घेतं, 68 वजा 23 मध्येसुद्धा. म्हणून आठवड्याभराने हातच्याची, बिनहातच्याची आणि दोन-तीन बेरजा अशी गणितं मिसळून द्या. ‘आठातून तीन जातात का?’ हे त्याने न सांगता स्वतःशी म्हटलं, की काड्या बाजूला ठेवायला हरकत नाही.