फोंड्यात करून घेतलेली गिटार कॅबिनेटं

गिटारच्या स्पीकरसाठी पेटी, म्हणजे कॅबिनेट, हवी म्हटल्यावर आमचे मेस्त, म्हणजे सुतार, म्हणाले, "सागवान घालूया. जन्माला पुरेल." दारं-खिडक्यांसाठी हा सल्ला सोळा आणे खरा. मला मात्र आवाजासाठी पेटी हवी होती. तिथे फळी किती जड, किती ताठ आणि हादरल्यावर किती लवकर गप्प होते, हे बघावं लागतं. स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा शंकू, पुढे हवा ढकलतो तशी मागेही ढकलतो, आणि त्या दाबाने पेटीच्या फळ्या हलून स्वतःच थोड्या वाजू लागतात.

मार्शल या अ‍ॅम्प बनवणाऱ्या कंपनीची 1960च्या दशकातली बंद पाठीची, म्हणजे मागे पूर्ण फळी असलेली, मोठी कॅबिनेटं बर्च या झाडाच्या प्लायची. पातळ, एकसंध थरांचा हा प्लाय ताठ असतो, त्यामुळे खालचे सूर आवरलेले राहतात. फेंडर या दुसऱ्या कंपनीने 1950च्या दशकात भरीव पाइनचं लाकूड वापरलं. ते हलकं आणि पेटीही सुरात थोडी भर घालते. मला हा फरक स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. म्हणून एकाच मापाच्या दोन पेट्या करून घेतल्या आणि एकच 12 इंची, 25 वॉटचा ग्रीनबॅक नावाचा स्पीकर दोन्हींत आलटून पालटून बसवला.

बर्च प्लाय इथे मिळेना, बाहेरून मागवला. दुकानदार एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, घ्या म्हणत होता. जड, सपाट, आवाजालाही मठ्ठ नाही. पण गोव्याच्या पावसात त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितात, फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. मी नको म्हटलं.

पाइनचं काम मेस्तांनी मन लावून केलं. भरीव लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, म्हणून चारही फळ्यांच्या रेषा पेटीभोवती फिरतील अशा घेतल्या. मग सगळ्या सारख्याच फुगतात आणि सांधे तडकत नाहीत. कोपऱ्यांना बोटं गुंतवल्यासारखा फिंगर जॉइंट, आणि जूनच्या आत आतून-बाहेरून पॉलिश.

मग ऐकणं. अ‍ॅम्पची बटणं तीच, माइक त्याच जागी. जाड ई तार, म्हणजे साधारण 82 हर्ट्झ, मोकळी छेडली की पाइनच्या पेटीच्या बाजूच्या फळीवर ठेवलेल्या तळहाताला स्पष्ट थरथर लागते. मधले सूर गोलसर येतात. बर्चमध्ये तोच सूर नेमका सुटतो आणि लगेच आवरतो. फरक आहे, पण पाठ उघडी की बंद, याने पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा. उघड्या पाठीत मागची लाट पुढच्या लाटेचे खालचे सूर खाते.

सर्वात जास्त शिकवलं ते बॅफलने, म्हणजे ज्या फळीवर स्पीकर बसतो तिने. एकाच लाकडात ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 12 मिलिमीटरचा बॅफल 18चा केला की तो तिपटीहून जास्त ताठ. तो बदलल्यावर पाइनच्या पेटीचा आवाज जितका पालटला, तितका बाजूच्या फळ्यांच्या लाकडाने पालटला नव्हता.

आता चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांतल्या कार्यक्रमांना मी पाइनची पेटी नेतो, एका हाताने उचलता येते म्हणून. सोबत बास आणि दुसरी गिटार असली की बर्चचीच हवी, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळतं. पैसे मोजके असतील तर बर्च फक्त बॅफलला घाला. बाकी पेटीला इथे कुठेही मिळणारा चांगला मरीन प्लाय चालतो.