खंडनाची दोन मिनिटं

स्पर्धेला २१ दिवस

वादविवाद स्पर्धेचा विषय हातात आला: ‘२० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन कराव्यात, असे या सभागृहाचे मत आहे.’ विषय चांगला आहे, कारण त्यात ‘कराव्यात’ हे क्रियापद आहे. कोणीतरी काहीतरी करायचं आहे, तेव्हा ते का करायचं हे सिद्ध करण्याचा भार अनुकूल बाजूवर पडतो आणि प्रतिकूल बाजूला बोट ठेवायला नेमकी जागा मिळते. ‘मोबाइल : शाप की वरदान’ असल्या विषयांत हे होत नाही. तिथे एक जण शापाचा निबंध म्हणतो, दुसरा वरदानाचा, आणि दोघांची गाठच पडत नाही. अजूनही आंतरशालेय स्पर्धांत असे विषय ठेवले जातात, त्याचं वाईट वाटतं.

नियमावलीत वेळ ‘५ + २’ एवढीच लिहिली आहे. या अधिकच्या चिन्हाने फार घोटाळे होतात. वक्तृत्व स्पर्धेत त्याचा अर्थ बऱ्याचदा पाचव्या मिनिटाला इशारा आणि सातव्याला शेवटची घंटा असा असतो, तर वादविवादात पाच मिनिटं मांडणी आणि दोन मिनिटं खंडन. खंडन भाषणाला जोडून करायचं की सगळी भाषणं संपल्यावर, हेही पुष्कळदा लिहिलेलं नसतं. जोडून असेल तर चिठ्ठीत पहिला क्रमांक निघालेल्याला खोडून काढायला समोर काहीच नसतं, विरोधकांचे संभाव्य मुद्दे घरूनच न्यावे लागतात. संयोजकांना फोन करून विचारून घेतलं: खंडन शेवटी आहे. म्हणजे या तीन आठवड्यांतली निम्मी मेहनत त्या दोन मिनिटांची.

संघात दोघं, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल, शिवाय एक राखीव. फिरती ढाल दोघांच्या गुणांच्या बेरजेवर मिळते. म्हणून एका तयार वक्त्याच्या जोडीला कोणालाही उभं करणं महागात पडतं. राखीव मुलानेही पहिल्या दिवसापासून बसायचं, कारण सरावाला विरोधक तोच होणार आहे.

स्पर्धेला १९ दिवस

आज फक्त पुरावे. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाच्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि खाली तीन नोंदी: कोणी सांगितलं, केव्हा, कुठे छापलं आहे. तीनपैकी एक जरी रिकामी राहिली तरी चिठ्ठी बाद. ‘एका सर्वेक्षणानुसार’ने सुरू होणारं वाक्य इथेच गळतं, आणि थोरामोठ्यांच्या नावावर मोबाइलवरून फिरणारे सुविचारही. परीक्षकाने ‘हे कुठे म्हटलंय?’ असं विचारलं तर पोर मंचावर एकटं पडतं.

या विषयाला शिक्षण हक्क कायद्याचा आधार लागतो. कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. नियमांनुसार प्राथमिक शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. मग २०२३ मध्ये राज्यात समूह शाळांचा, म्हणजे जवळपासच्या लहान शाळा एकत्र करण्याचा, विचार पुढे आला तेव्हाचे आकडे: २० पेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३, त्यांत मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७.

हे आकडे नुसते पाठ करून काही साधत नाही. मुलांना भागाकार करायला लावला. एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं, दोन शिक्षक, म्हणजे एका शिक्षकामागे सहा मुलं. आता याच चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंवर लिहायचं. अनुकूल बाजू म्हणेल, साडेबारा मुलं चार-पाच इयत्तांत वाटली गेली की एका वर्गात दोन-तीन उरतात. खो-खोचा संघ होत नाही आणि चर्चा करायला सवंगडी नसतो. प्रतिकूल बाजू म्हणेल, सहा मुलांमागे एक शिक्षक ही सोय शहरातल्या महागड्या शाळेतही मिळत नाही, ती मोडता कशाला? एकच आकडा दोन्हीकडून वापरता येतो हे कळलं की मूल आकड्याला घाबरत नाही आणि त्यावर आंधळा विश्वासही ठेवत नाही.

स्पर्धेला १६ दिवस

भाषणाचा मसुदा. मंचावरून मराठी स्पष्ट बोलायचं तर मिनिटाला १०० ते ११० शब्द होतात. पाच मिनिटांचे सव्वापाचशे झाले तरी लिहायचे ४८० च, कारण थांबायला जागा हवी. पहिल्या मसुद्यात हमखास आठशे शब्द असतात आणि मुलं ते वेग वाढवून बसवू पाहतात. तसं केलं की वाक्यांची शेवटं गिळली जातात, आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘बंद व्हाव्यात’ म्हणाला की ‘बंद होऊ नयेत’, हेच ऐकू येत नाही.

‘सन्माननीय अध्यक्ष महोदय, ज्ञानी परीक्षक, व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या बंधुभगिनींनो’ हे घड्याळ लावून मोजलं तर वीस सेकंद जातात. ‘अध्यक्ष महोदय, परीक्षक आणि मित्रहो’ यात सगळे येतात आणि पाच सेकंदांत काम होतं. सुरुवातीच्या श्लोकालाही तोच न्याय. शेवटच्या कवितेच्या ओळींना टाळ्या पडतात हे खरं आहे, पण मुद्द्यासाठी ठेवलेली वीस सेकंदं त्यात जातात आणि गुणपत्रिकेत टाळ्यांचा रकाना नसतो.

मुद्दे तीनच, आणि प्रत्येकाला फार तर चार-पाच शब्दांचं नाव: ‘अंतर’, ‘सवंगडी’, ‘वाचलेला पैसा कुठे जातो’. नाव दिलं की परीक्षकाला लिहून घेता येतं आणि खंडनात परत त्याच नावाने हाक मारता येते.

स्पर्धेला १२ दिवस

आज बाजू बदलल्या. अनुकूल तयारी केलेल्याने प्रतिकूल बोलायचं. नववीतली मुलं इथे अडतात: ‘पण मला हे पटतच नाही.’ पटवून घ्यायची गरज नाही, नीट मांडता आलं पाहिजे. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत ही शिस्त जुनीच आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं, आणि मग उत्तरपक्ष. न्यायसूत्रांत बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद सत्य शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं मोडत राहणं. ‘वितंडवाद’ हा आपला रोजचा शब्द तिथूनच आला. स्पर्धा आहे तेव्हा जल्प थोडा येणारच. वितंडा मात्र परीक्षकाला लगेच दिसते: मूल खंडनात तावातावाने बोलतं आणि स्वतःच्या बाजूचं एक वाक्यही बोलत नाही.

बाजू बदलून बोलल्यावर आपल्या मांडणीतली भोकं दिसतात. ‘बस सोडू’ असं अनुकूल बाजू सहज म्हणते. प्रतिकूल बोलताना तोच मुलगा विचारतो, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की बस कुठून जाणार? हा प्रश्न १२ दिवस आधी सुचलेला बरा.

स्पर्धेला ९ दिवस

ऐकण्याचा कागद. यावर कोणी वेळ घालवत नाही आणि इथेच स्पर्धा हातची जाते.

फुलस्केप आडवा धरायचा आणि उभ्या तीन घड्या घालून चार रकाने करायचे. पहिल्यात वक्त्याचा क्रमांक, दुसऱ्यात त्याचा मुद्दा, तिसऱ्यात त्याने दिलेला पुरावा, चौथ्यात आपलं उत्तर. पहिले तीन निळ्या पेनाने, चौथा लाल. पूर्ण वाक्यं लिहायची नाहीत. भूमितीतली ‘कारण’ आणि ‘म्हणून’ची तीन ठिपक्यांची चिन्हं सगळ्यांना येतात, ती इथे कामाला येतात. विद्यार्थ्याला ‘वि’, शिक्षकाला ‘शि’, पैशाला रुपयाची खूण. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तिथे मोठं शून्य काढायचं. नंतर कागदावर नजर टाकली की शून्यं आधी दिसतात: हा मुद्दा पुराव्याविना सोडलेला आहे.

सरावासाठी राखीव मुलाने पाच मिनिटं बोलायचं, दोघांनी लिहायचं, मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. पहिल्या दिवशी सापडणारी चूक जवळजवळ ठरलेली असते. पहिल्या दीड मिनिटाचं तपशीलवार लिहिलेलं असतं आणि पुढचा कागद कोरा, कारण पहिलंच वाक्य खोडून काढायच्या नादात पुढचं ऐकलंच नाही. उपाय एकच: भाषण चालू असताना लाल पेनाचं टोपण काढायचं नाही. उत्तर दोन वक्त्यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात लिहायचं.

पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. इतक्या जुन्या परंपरेमुळे चांगलं भाषण कसं असतं हे आपल्या मुलांच्या कानांना ठाऊक असतं. पण व्याख्यानाला श्रोता उलटून बोलत नाही. वादविवादाला बसलेल्या मुलाला ऐकणं वेगळं शिकवावं लागतं, आणि शाळेच्या वेळापत्रकात त्याला कुठेच तास नाही.

स्पर्धेला ६ दिवस

खंडन. दोन मिनिटांत सव्वादोनशेच्या आत शब्द, म्हणजे दोन मुद्दे, फार तर तीन. दहा वक्त्यांपैकी प्रत्येकाला एकेक वाक्य मारत सुटलं तर परीक्षकाच्या कागदावर काहीच उतरत नाही. म्हणून निवड करायची. जो मुद्दा पडला तर समोरची बाजू पडते, तो आधी घ्यायचा. तो अवघड असतो, म्हणून मुलं सोपा घेतात: कोणाचा तरी चुकलेला सन किंवा उच्चार. तसलं खंडन ऐकायला टोकदार वाटतं, पण त्याने मूळ विषयाला धक्काही लागत नाही.

एका मुद्द्याला चार वाक्यं पुरतात. उदाहरणार्थ: क्रमांक चारच्या वक्त्या म्हणाल्या की लहान शाळेत शिक्षक प्रत्येक मुलाकडे लक्ष देतो. सरासरी पाहिली तर सहा मुलांमागे एक शिक्षक आहे, हे खरं. पण त्या दोन शिक्षकांना मिळून पहिली ते पाचवी एकाच वेळी शिकवायची असते, म्हणजे एका इयत्तेकडे पाहताना उरलेल्या वाट बघतात. तेव्हा ‘लक्ष’ हा मुद्दा शाळा वेगळी ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. समोरच्याचं म्हणणं, त्यातलं मान्य असलेलं, अमान्य असलेलं, आणि त्याचा ठरावावर परिणाम. शेवटचं वाक्य हटकून गाळलं जातं. आज सरावात आठपैकी पाच वेळा गाळलं गेलं.

‘मान्य’ म्हणायला मुलं कचरतात. मान्य करण्यासारखं असेल ते मान्य केल्याने बाजू हलकी होत नाही. उलट पुढच्या ‘पण’ला वजन येतं.

घरून लिहून आणलेलं खंडन लगेच ओळखू येतं: कोणीच न मांडलेल्या मुद्द्याला उत्तर दिलं जातं. संभाव्य उत्तरांच्या चिठ्ठ्या जरूर न्याव्यात, बारा-पंधरा असाव्यात, पण ज्या मुद्द्यासमोर निळ्या शाईत काही लिहिलेलं नाही त्याची चिठ्ठी पिशवीतून बाहेर काढायची नाही.

व्यक्तीवर बोलायचं नाही. ‘माझ्या मैत्रिणीला बहुधा खेड्यातली शाळा माहीतच नाही’ या वाक्याला सभागृह हसतं. ती मैत्रीण कदाचित अशाच शाळेतून आलेली असते.

स्पर्धेला ३ दिवस

उभं राहणं आणि आवाज. भाषण पूर्ण पाठ केलेलं नको. एक शब्द निसटला की मुलं स्तोत्र विसरल्यासारखी मागून पुन्हा सुरू करतात. पहिली दोन वाक्यं, शेवटची दोन आणि मुद्द्यांची नावं पक्की असावीत, बाकीचं रोज थोडं वेगळं झालं तरी चालेल. अडलं तर शेवटचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणायचं आणि पुढच्या नावावर जायचं. ऐकणाऱ्याला तो ठसा वाटतो.

माइक तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’चा श्वास थेट आदळत नाही. उंच पोडियममागे नववीची मुलं कपाळापर्यंत झाकली जातात. परवानगी असेल तर बाजूला उभं राहायचं.

न-ण आणि ल-ळ सांभाळायचे, ‘जरा थांबा’मधला ज आणि ‘जरा-मरण’मधला ज वेगळा म्हणायचा. मात्र वऱ्हाडी किंवा अहिराणी घरातल्या मुलाचा हेल घासून काढू नये. शब्द नीट ऐकू आला की काम झालं. हेल काढायला गेलं की मूल प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थबकतं, आणि खंडनात थबकायला वेळ नसतो.

स्पर्धेचा दिवस

पिशवीत: कोरे फुलस्केप सहा, निळी दोन आणि लाल दोन पेनं, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या रबर लावून, पाण्याची बाटली, शाळेचं पत्र आणि ओळखपत्र. चिठ्ठी उचलून क्रम कळला की तो कागदाच्या कोपऱ्यात लिहायचा. संघाने पुढून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसायचं, मागे पंख्याच्या आवाजात पुरावे ऐकू येत नाहीत. आपलं भाषण झाल्यावर मैत्रिणींच्या घोळक्यात जाऊन ‘कसं झालं?’ विचारत बसायचं नाही. लगेच पेन हातात. स्वतःच्या भाषणानंतरचे दोन वक्ते बहुतेक मुलांच्या कागदावर कोरे असतात, आणि खंडनात नेमके तेच लागतात.

दुसऱ्या दिवशी

निकालाची चर्चा व्हायच्या आत, सकाळच्या पहिल्या तासाआधी, तिघांनी आपापले कागद टेबलावर पसरायचे. काल कोणती लाल उत्तरं बोलली गेली त्यांना गोल, कोणती लिहूनही राहून गेली त्यांना फुली. फुल्या जास्त असतील तर निवड चुकली, लाल रकानाच रिकामा असेल तर तयारी कमी पडली. या दोन दुखण्यांना औषधं वेगळी. दुसऱ्या शाळांच्या मुलांनी दिलेली चांगली उत्तरं, त्यांच्याच शब्दांत आठवतील तेवढी, वहीत उतरवायची. काल प्रतिकूल बाजूच्या एका मुलाने ‘वाचलेला पैसा कुठे जातो’ या प्रश्नावर वर्षभराचा बसचा खर्च मांडला होता. तो आमच्या एकाही चिठ्ठीत नव्हता. वहीत पहिल्या पानावर तेच आहे.