दीडपट वेगाने मधुबाला

माझ्यासोबत राहणाऱ्या मेघाने अखेर 'चलती का नाम गाडी' बघितला. दीडपट वेगाने.

हे तिने सकाळी चहा गाळता गाळता सांगितलं. "छान आहे गं, पण संथ आहे. मग दीडवर टाकला." मी "हं" म्हणाले आणि आंघोळीला गेले. आता रात्रीचे साडेअकरा झालेत आणि तो दीड अजून डोक्यातून जात नाहीये.

संथ? किशोर कुमार संथ?

अडीच तासांच्या वरचा सिनेमा आहे, कबूल. के. एन. सिंगचा खलनायकी भाग मलाही लांबल्यासारखा वाटतो, तिथे हवं तर दुप्पट कर बाई. पण गॅरेजमधलं गाणं? बाहेर धो धो पाऊस, गाडी बंद पडलेली, मधुबाला नखशिखांत भिजलेली, आणि हा येडपट मेकॅनिक किशोर हत्यारांनी गाडीवरच ठेका धरतो. ती आधी फणकारते. मग हसू येतं, ते दाबते, तोंड फिरवते, परत बघते. हसू दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. संगीतकार सचिनदा बर्मन यांनी तो चालीत मोजून ठेवलाय. तो कापून हिने वाचवलं काय? भांडी तर मीच घासली.

असो.

राग आलाय की वाईट वाटलंय, तेच कळत नाही. सिनेमा १९५८ चा. तेव्हा माझी आईसुद्धा जन्मली नव्हती. अशोक, अनुप, किशोर, तिघे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊ होऊन एकमेकांवर खेकसतात, त्यात माझं काय जातं? मी काय गांगुलींच्या घरची? पहिल्यांदा बघितला तो आबांच्या शेजारी बसून, ते रुमाल तोंडाला लावून हसत होते आणि... ते आज नको.

ऑफिसात मला आजी म्हणतात. चालतं मला. पण मला जे आवडतं ते कुणाला साध्या वेगानेही बघवू नये? मधुबालाच्या हृदयाला छिद्र होतं. १९६० मध्ये तिने याच किशोरशी लग्न केलं आणि १९६९ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी ती गेली. हे माहीत असलं की ते दाबलेलं हसू वेगळंच दिसायला लागतं. मेघाला कुठे माहीत आहे? आणि सांगितलं तर म्हणेल, तू ना, फार विचार करतेस. मार्चनंतर तेही म्हणायला ती इथे राहत नसेल.

मघाशी चिडून मीच ते गाणं दीडवर लावलं. म्हटलं, बघू काय वाट लागते. आणि कसलं काय! किशोरला फरकच पडत नाही, तो मुळातच दीडवर चालतो. अशोक कुमारचा बायकांवरचा राग मात्र झटपट उरकतो, ते एका अर्थी बरंच. मला मोठ्याने हसू आलं. पलीकडच्या खोलीतून मेघा ओरडली, "झोप गं!"

सिनेमात तरी काय होतं? गाडी दुरुस्त करून घेऊन ती पैसे न देताच जाते, आणि हा पाच रुपये बारा आणे वसूल करायला तिच्या मागे मागे फिरतो. तिच्या लक्षातही नसतं. मी त्याच वसुलीवर निघालेय. दुधाचे गेल्या महिन्याचे पैसे मेघाने अजून दिलेले नाहीत, त्याचं मला काडीचं वाटत नाही, आणि एका गाण्यातल्या दीडेक मिनिटासाठी मी उशी बडवतेय.

बरं, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले होते, तरी किशोर पुढच्या वर्षी आणेच मागतोय. बारा आणे म्हणजे पंचाहत्तर पैसे. उद्या जीपेवर मेघाला दुधाच्या पैशांची रिक्वेस्ट पाठवणार आहे. वर ५.७५ जास्तीचे. कशाचे म्हणून विचारलं तर सांगेन, परत बघ, नीट.