सेन्सेक्स कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी

२४ ऑक्टोबर २००८ रोजी, शुक्रवारी, सेन्सेक्स १,०७० अंशांनी कोसळून ८,७०१ वर बंद झाला. रविवारी धनत्रयोदशी होती, त्यामुळे मधला शनिवार हा घरगुती उपकरणांच्या दुकानदारांच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसांपैकी एक. पुण्यातील अशाच एका शोरूममध्ये मी त्या वेळी विक्री व्यवस्थापक होतो. त्या शनिवारी गर्दी कमी नव्हती. लोक येत होते, दारे उघडून आतले कप्पे पाहत होते, किंमत विचारत होते आणि ‘दिवाळीनंतर बघू’ असे म्हणून निघून जात होते.

आमच्या तळमजल्यावरील सगळ्या टीव्ही संचांना एकाच जोडणीतून चित्र जात असे, त्यामुळे कोणतीही वाहिनी लावली की भिंतभर तेच दिसे. आठवड्यापूर्वी मोहालीच्या कसोटीत सचिनने ब्रायन लाराचा धावांचा विक्रम मोडला, तेव्हा याच भिंतीसमोर उभे राहायला जागा उरली नव्हती. शनिवारी सकाळी मात्र दुकानातील मुलाने सवयीने वृत्तवाहिनी लावली, आणि वॉशिंग मशीन पाहायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर सगळ्या पडद्यांवरून एकच लाल बाण खाली जाऊ लागला. मी ते बंद करून कंपनीची प्रात्यक्षिकाची डीव्हीडी लावायला सांगितली. त्याने फारसा फरक पडला नाही, कारण तो बाण लोक घरूनच पाहून आले होते.

दुपारी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ आले. त्यांनी दसऱ्याला आगाऊ रक्कम भरून दोन दारांचा फ्रिज ठरवून ठेवला होता आणि आता ती रक्कम परत हवी होती. केंद्र सरकारचे कर्मचारी म्हणून सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा चाळीस टक्क्यांचा पहिला हप्ता त्यांच्या हाती आलेला होता, पगारही वाढला होता, आणि शेअर बाजारात त्यांचा एक रुपयाही नव्हता.

“काका, तुमच्या नोकरीला काय धोका आहे?” मी विचारले.

“माझ्या नाही हो. पण त्या विमान कंपनीने आठशे जणांना एका दिवसात घरी बसवले, तुम्ही पाहिले नाही?”

मी पाहिले होते. जेट एअरवेजच्या गणवेशातील तरुण मुलेमुली मुंबईच्या विमानतळाबाहेर रडत असल्याची दृश्ये सगळ्या वाहिन्यांनी दिवसभर दाखवली होती. कंपनीने लगेच निर्णय फिरवून त्या सर्वांना परत घेतले, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना ते ठाऊकच नव्हते. ती बातमीही छापून आली होती, पण कामावर परतणाऱ्या माणसांचे डोळ्यांत राहील असे चित्र नव्हते. मग मी रिझर्व्ह बँकेने सोमवारीच रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ९ वरून ८ टक्क्यांवर आणल्याचा दाखला दिला. त्यावर ते म्हणाले, “परिस्थिती गंभीर असल्याशिवाय एकदम एक टक्का कमी करतील का?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर प्रश्न चुकीचाही नव्हता. मनाची तयारी एकदा तशी झाली की दिलासा देणारी बातमीसुद्धा संकटाचा पुरावा ठरते, हे मी तेव्हा काउंटरवर उभा राहून पाहिले. मी त्यांची रक्कम परत केली.

सगळ्यांचीच भीती उसनी होती असे मात्र मी म्हणणार नाही. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या एका जोडप्याने मोठा एलसीडी टीव्ही नाकारला. लेमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाल्यापासून त्यांच्या अमेरिकी ग्राहकांची नवी कामे खरोखरच थांबली होती आणि घराचा हप्ता डोक्यावर होता. शिवाय हप्त्याने वस्तू देणाऱ्या वित्त कंपन्यांनीही हात आखडता घेतला होता. अशा माणसाने थांबणे हा शहाणपणा होता. मला खटकली ती त्यांच्यात आणि कारखान्यातील गृहस्थांत बातमीने पुसून टाकलेली रेघ. २००८-०९ मध्येही देशाची अर्थव्यवस्था, पुढे जाहीर झालेल्या आकड्यांनुसार, ६.७ टक्क्यांनी वाढतच होती. पण ज्याचे उत्पन्न शाबूत आहे त्याची बातमी होत नाही, त्यामुळे आपल्यासारखे किती जण आहेत हे त्यालाही कळत नाही.

संध्याकाळी चाकणचा एक कांद्याचा व्यापारी आला आणि तासाभरात रोखीने टीव्ही आणि फ्रिज घेऊन गेला. त्याच्या हातातही तेच वर्तमानपत्र होते, फक्त ते बाजारभावाच्या पानावर दुमडलेले होते. “सेन्सेक्सवर माझा कांदा जात नाही,” एवढेच तो म्हणाला.

आमच्या सवलतींची पानभर जाहिरात त्याच अंकात होती आणि तिच्या पाठच्या पानावर नोकरकपातीचा तक्ता होता. पुढच्या जाहिरातीची जागा बदलून द्यावी म्हणून मी जाहिरात विभागाला फोन केला, तेव्हा तिथल्या माणसाने विचारले की सध्या असे कोणते पान उरले आहे ते तुम्हीच सांगा.

७ डिसेंबरला केंद्राने उत्पादन शुल्क चार टक्के बिंदूंनी कमी केले आणि कंपन्यांनी किमती उतरवल्या. जानेवारीत खडकीचे ते गृहस्थ परत आले आणि त्यांनी तेच मॉडेल घेतले. बिल दसऱ्याच्या बुकिंगपेक्षा कमी रकमेचे झाले, आणि आपण थांबलो म्हणूनच पैसे वाचले हे त्यांनी मला जुनी पावती पुढे करून दोनदा पटवून दिले. दिवाळीत ज्यांना मी परोपरीने समजावले होते, त्यांच्यापैकी निदान या एकाचा हिशेब तरी बरोबर निघाला होता.